ओपलच्या बाटलीतली तीन बोटं

व्हर्जिल स्टिडमने ईस्टरच्या जेवणात, तोंडात अख्खं उकडलेलं अंडं असताना केलेली घोषणा आमच्या खोऱ्यात अजून कोणी विसरलेलं नाही.

"यंदाच्या सजावटीच्या रविवारी," तो म्हणाला, "तुमच्या प्रत्येकाच्या ग्लासात ओपलचं मिश्रण असेल! थेंब न् थेंब तस्संच! नाही जमलं तर भट्टीला कुलूप घालीन आणि या डेन्व्हरच्या हाताखाली लोकांची हिरवळ कापायला जाईन!"

डेन्व्हर हा ओपलचा धाकटा भाऊ. गवत कापायची दोन यंत्रं, एक खटारा ट्रक आणि जगातल्या प्रत्येक विषयावर एकेक मत, एवढी त्याची इस्टेट.

"दाजी, सकाळी सातला यावं लागेल हं," डेन्व्हर म्हणाला. "कमरेत उसण भरली वगैरे चालणार नाही."

"भट्टीला कशाला कुलूप घालतोस?" ओपलची थोरली बहीण विल्डाताई पलीकडून ओरडली. "आधी तोंडाला घाल! अंडं उडतंय सगळं!"

ओपल म्हणजे व्हर्जिलची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पंचवीस वर्षं दोघांनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी व्हिस्की गाळायची छोटीशी भट्टी चालवली. पिंपांच्या कोठारात चार तऱ्हा मुरत पडलेल्या असत. मक्याची गोड बर्बन, राय नावाच्या धान्याची, जीभ चुरचुरवणारी राय, पावासारखी मऊ गव्हाची, आणि सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीची. गाळायचं काम व्हर्जिलचं. विकताना एकेक तऱ्हा सुटीच विकत. पण वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, ओपल चाखायच्या खोलीत तासभर कडी लावून बसायची आणि एक बाटली घेऊन बाहेर यायची. "झालं," एवढंच म्हणायची. ती बाटली विकायची नसे. ती फक्त सजावटीच्या रविवारी उघडे.

सजावटीचा रविवार म्हणजे मे महिन्यातला दुसरा रविवार; त्या दिवशी आमच्याकडे सगळी भावकी टेकडीवरच्या कबरस्तानात चढते. गवत काढायचं, कबरींवर फुलं ठेवायची, झाडाखाली टेबलं मांडून जेवायचं. पाद्री हॉबर्ट प्रार्थना करतात. आमच्या चर्चला दारू वर्ज्य, म्हणून मग ते दरीकडे तोंड करून पंधरा मिनिटं निसर्ग बघतात आणि तेवढ्यात डेन्व्हरच्या ट्रकमागे छोटे ग्लास फिरतात. गेली वीस वर्षं पाद्रीबाबांना निसर्ग नेमका त्याच वेळी दिसतो.

दर वर्षी पहिला घोट व्हर्जिलचा. दर वर्षी तो डोळे मिटून म्हणायचा, "अगदी गेल्या वर्षीसारखी!" आणि दर वर्षी ओपल हसायची. साधंसुधं नव्हे, ट्रकला टेकून, पोट धरून, डोळे पुसत हसायची. आपल्या कौतुकाने बायको इतकी खूश होते याचा व्हर्जिलला केवढा अभिमान! त्या हसण्याची त्याला इतकी आठवण यायची की कधीकधी तो चालता चालता पिंपांच्या रांगेत नुसताच उभा राहायचा.

तिने कृती कुठे लिहून ठेवली नव्हती. शेवटची बाटली मात्र होती, मक्याच्या पिठाच्या डब्यामागे. तीत तळाला तीन बोटं व्हिस्की उरली होती.

झालं! ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून व्हर्जिल शास्त्रज्ञ झाला. वही आली, मोजपात्रं आली, ड्रॉपर आला. रोज संध्याकाळी पाचला ओपलच्या बाटलीतली चमचाभर एका ग्लासात, आपलं मिश्रण दुसऱ्या ग्लासात. आधी वास, मग घोट, मग थुंकी, मग वहीत टिपण. पहिल्या आठवड्यात त्याने पक्कं केलं की निम्म्याहून जास्त बर्बन, बाकी गव्हाची, आणि धुराची नावाला. चव इतकी जवळ आली की त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या आठवड्यात ओपलच्या बाटलीने जिभेला चटका दिला.

"ही इतकी तिखट होती?" व्हर्जिल स्वतःशी म्हणाला. बाटलीवर संशय घेणं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. बाटली ओपलची! चूक आपल्याच जिभेची! त्याने राय वाढवली, कांदा सोडला, कॉफी सोडली.

तिसऱ्या आठवड्यात बाटलीला पिकलेल्या फळाचा वास यायला लागला. व्हर्जिलने तंबाखू सोडली. मिरी, मोहरी, मोहरी घातलेली अंडी, सगळं सोडून तो पाण्यात शिजवलेल्या ओटवर आला. शेवटी तालुक्याच्या गावी जाऊन नाकाच्या डॉक्टरला भेटला.

"नाक उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला.

"तुमचं असेल हो! माझं बघा!"

"तुमचंच म्हणतोय मी!"

घरी येऊन त्याने बाटली उजेडात धरली आणि मटकन खुर्चीत बसला. तीन आठवडे रोज चमचाभर काढून बाटलीत अजून तीन बोटंच होती! उलट किंचित जास्तच!

त्याने डेन्व्हरला फोन लावला. "डेन्व्हर, बाटली कमी होत नाहीये."

"दाजी, काच जाड असेल," डेन्व्हर म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मग विल्डाताईला लावला. ती म्हणाली, "अरे, सोसाट्याचं वारं सुटलंय, काही ऐकू येत नाही." खिडकीबाहेर पानसुद्धा हलत नव्हतं!

व्हर्जिलला मात्र आतून उमगलं होतं. ओपल भरतेय! एरवी मासे किती पकडले हेही दोनदा मोजणारा हा माणूस त्या दिवसापासून बाटलीशी बोलायला लागला. "आज पाऊस पडला गं." "रायचं पिंप गळतंय, तू असतीस तर मला बोलली असतीस." पाच वाजायची तो सकाळपासून वाट बघायचा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला घरी यावंसं वाटत होतं.

असली गोष्ट खोऱ्यात किती वेळ झाकून राहणार? चौथ्या आठवड्यात पाद्री हॉबर्ट स्वतः दारात हजर. बगलेत बायबल, हातात थर्मास.

"व्हर्जिल, तू चर्चच्या पायरीवर चमत्कार चमत्कार म्हणत होतास म्हणे?"

"बायबलातल्या विधवेच्या घरातलं तेल सरलं नाही, हे तुम्हीच शिकवता ना पाद्रीबाबा?"

"ते तेल होतं!"

"आणि येशूने लग्नघरी पाण्याची वाइन केली ती?"

"तो द्राक्षाचा रस होता!" पाद्रीबाबा गरजले. मग घसा खाकरून म्हणाले, "मला चौकशी करावी लागेल. स्वयंपाकघरात घटकाभर एकट्याने प्रार्थनेला बसतो. तू बाहेर थांब."

व्हर्जिल ओसरीवर टोपी काढून उभा राहिला. वीस मिनिटांनी पाद्रीबाबा आले ते कानापर्यंत लाल होऊन. "चर्चच्या मंडळापुढे विषय ठेवावा लागेल," एवढं बोलून ते जे निघाले ते फाटकाचीही कडी न लावता!

त्या संध्याकाळी बाटलीची चव पुन्हा बदललेली! मऊ, गोड, आणि मागे कसलासा हिरवा गारवा. हा गारवा व्हर्जिलला कुठल्याच पिंपात सापडेना. कोठार पालथं घातलं, एकविसावं मिश्रण ओतलं, बाविसावं ओतलं. चोविसाव्याला चव तीन चतुर्थांश जुळली, आणि रविवार उद्यावर आला. त्याने त्याचंच एक पिंपडं भरलं आणि डेन्व्हरच्या ट्रकवर चढवलं.

सजावटीच्या रविवारी टेकडीवर सगळे जमले. ओपलच्या कबरीवर आयरिसची पिवळी फुलं ठेवली. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली आणि दरीकडे तोंड केलं. ट्रकमागे ग्लास भरले. दर वर्षी पहिला घोट व्हर्जिलचा असे, पण यंदा त्याने हात मागे घेतला. "आधी तुम्ही. खरं सांगायचं."

सगळ्यांनी घोट घेतला. एका चुलतभावाने उरलेली हळूच टायरवर ओतली.

"व्हर्जिल," विल्डाताई म्हणाली, "ही ओपलची नाही रे."

"नाही कशी? ही घे तिची बाटली! ताडून बघ! गारवा सोडला तर सगळं जुळतंय!"

विल्डाताईने बाटलीतलं थेंबभर चाखलं आणि तिचा चेहरा पडला. "जुळतंय खरं. पण यात माझी पीचची ब्रँडी आहे. मी... साफसफाईला आले होते तेव्हा बाटली बघितली. एवढीशी उरलेली. म्हटलं ही संपली की हा माणूस खचणार. म्हणून जरा वाढवली."

"जरा?"

"अर्धा कप."

"तरीच!" डेन्व्हर ओरडला. "मी विचार करतोय माझ्या रायला फळाचा वास कुठून!" आणि जीभ चावली. सगळे त्याच्याकडे वळले. "दाजी, शिडी मागायला आलो होतो. तुम्ही घरी नव्हता. ताईची फार आठवण आली. एकच घोट घ्यायचा म्हणून बसलो आणि दोन बोटं संपली. मग माझ्याकडची राय ओतून ठेवली."

व्हर्जिल ट्रकच्या पायरीवर बसला. पाच आठवडे कांदा सोडून तो डेन्व्हरच्या रायचा आणि विल्डाताईच्या पीचचा पाठलाग करत होता! आणि ओपलची चव? ती गेली. आता जगात कुठेच नव्हती. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"बघायला तरी हवं होतं मी," तो म्हणाला, "ती आत बसून काय जुळवायची ते."

विल्डाताईने डेन्व्हरकडे बघितलं. "सांगू का याला?"

"सांग बाई."

"अरे, ती आत बसून रेडिओवर सिनसिनाटीची बेसबॉलची मॅच ऐकायची! पाय टेबलावर टाकून! मिश्रण कसलं डोंबलाचं! वर्षभर ज्याच्या त्याच्या बाटलीत तळाला जे उरेल ते ती त्या बाटलीत ओतायची. याची राय, त्याची बर्बन, कोणाची कुठली. दर वर्षी चव निराळी यायची. आणि तू दर वर्षी डोळे मिटून म्हणायचास..."

विल्डाताईने पुढचं सांगण्याआधीच व्हर्जिलला सगळं कळलं. वीस वर्षं ती ट्रकला टेकून कशाला हसत होती ते कळलं. त्याने टोपीने तोंड झाकलं. टोपीमागे तो हसत होता की आणखी काही, हे कोणी विचारलं नाही.

मग टोपीमागून आवाज आला. "पण मग तो गारवा? तो कोणी ओतला?"

डेन्व्हरने मान हलवली. विल्डाताईने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. व्हर्जिल हळूच ओपलच्या कबरीकडे वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की कोणी त्याला अडवलं नाही. दरीकडे तोंड करून उभे असलेले पाद्रीबाबा मात्र त्या दिवशी पंधराऐवजी चाळीस मिनिटं निसर्ग बघत होते.

डेन्व्हरने कुलूप माफ केलं, पण हिरवळ माफ केली नाही. सोमवारी सकाळी सातला व्हर्जिल गवताच्या यंत्रामागे उभा होता. पहिलं गिऱ्हाईक पाद्री हॉबर्ट! नऊ वाजता पाद्रीबाबांनी गार गोड चहाचा ग्लास आणून दिला. व्हर्जिलने एक घोट घेतला आणि यंत्र बंद केलं.

"पाद्रीबाबा, यात पुदिना आहे?"

"मागच्या अंगणातला."

"त्या दिवशी थर्मासमध्ये हाच होता?"

पाद्रीबाबांचे कान हळूहळू लाल झाले. "मी फक्त वास घेणार होतो," ते म्हणाले. "वीस वर्षं मी पाठ करून उभा राहिलोय, व्हर्जिल. पाठीमागे ओपल हसायची. वाटायचं, एकदा वळावं आणि म्हणावं, मलाही द्या. कधी वळलो नाही. मग ती गेली." त्यांनी व्हर्जिलच्या हातातला ग्लास परत घेतला. "घेतली ती भरून काढायला हवी, एवढंच माझ्या मनात होतं."

व्हर्जिलने यंत्राला चिकटलेलं गवत झटकलं. एक चमत्कार होता, तोही पाद्र्यानेच नेला! पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी चव बरोबर ओळखली होती, आणि हे सांगायला ओपल नव्हती.

"एका बरणीत थोडा घालून द्या," तो म्हणाला.

संध्याकाळी पाचला त्याने मक्याच्या पिठामागची बाटली काढली. काल टेकडीवरून येताना सगळ्यांच्या ग्लासात उरलेलं तो तीत ओतून आला होता. वर पाद्रीबाबांचा चहा ओतला, बाटली हलवली, डोळे मिटून घोट घेतला. कालच्यापेक्षा, परवापेक्षा, कशाहीपेक्षा अगदी निराळी चव!

"अगदी गेल्या वर्षीसारखी!" तो स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाला, आणि तिला डोळे पुसायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबला.

मग त्याने बूच लावलं. सकाळी सातला विल्डाताईची हिरवळ होती, आणि कडा वाकड्या आल्या की ती पुन्हा कापायला लावते.