कोनाळे सरांची सोयरीक

कोनाळे सर पहिल्या भेटीत तुमचं नाव विचारत नाहीत. चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "आत्या कुठं दिली?"

मी मानवशास्त्र विभागात रुजू व्हायला आले, तेव्हा अंगावर एसटीची धूळ होती आणि घशाला कोरड. सरांनी पाणी विचारलं नाही, आत्या विचारली. मी म्हटलं, "नळदुर्गला." ते डोळे मिटून म्हणाले, "मग नळदुर्गची एखादी पोर तुमच्या घरात आलेली असणार. साटंलोटं." आली होती. माझी आईच ती! सर खूष. पाणी मला शिपायानं दिलं.

आमचा विभाग म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली शेवटची इमारत. त्यापुढं नुसत्या बाभळी. धाराशिवात कुणाला "मानवशास्त्र शिकवते" म्हटलं, की "मानसशास्त्र का? आमच्या धाकट्याला जरा दाखवायचं होतं," असं ऐकायला मिळतं. पूर्वी मी फरक समजावत बसायची. आता धाकट्याला झोप नीट लागते का, एवढं विचारते आणि सुटते.

विभागात आम्ही तिघं. विभागप्रमुखांचा विषय प्राचीन माणसांचे दात. तुम्ही हसलात की ते तुमच्या दाढा बघतात. माझा विषय शाळकरी मुलांची वाढ. उंची, वजन, दंडाचा घेर मापून मापून माझेच खांदे उतरलेत. आणि कोनाळे सरांचा विषय नातेसंबंध. कुणी कुणाला मुलगी दिली, कुणाची केली आणि त्यावरून कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालं. वर्गात मोजकी पोरं, त्यातली निम्मी स्पर्धा परीक्षेच्या नादात. सर मात्र भरल्या सभागृहात बोलावं तसं बोलतात.

ते स्वतः बिनलग्नाचे. मूळचे धाराशिवच्याच वाशी तालुक्यातले; आई-वडील गेलेले, भावंडं नाहीत. लग्नाचं विचारलं की म्हणत, "आमचं क्षेत्रकार्यच राहून गेलं, मॅडम."

एकदा आम्ही दोघं तामलवाडीला क्षेत्रकार्याला, म्हणजे घरोघरी माहिती गोळा करायला गेलो. ऊन मी म्हणत होतं. सरूबाई नावाच्या बाईंच्या ओसरीवर टेकलो. नवरा वारलेला, घरात त्या आणि त्यांची मुलगी पूजा. सरांनी सुरुवात केली. कुळ कोणतं? देवक काय? आईचं माहेर कुठलं? आधीच्या सोयरिकी कुठं कुठं झाल्या? सरूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, सगळं अदबीनं सांगितलं आणि आत गेल्या.

जरा वेळानं पोह्यांचा ट्रे आला. ट्रेमागं नवी साडी नेसलेली पूजा, मान खाली. मी काय ते ओळखलं. सरांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. ते पूजालाच विचारत होते, "तुझी आत्या कुठं दिली, बाळ?"

सरूबाई माझ्या कानाशी लागल्या. "पोरगं काय करतंय?"

"कुणाचं पोरगं?"

"ह्यांचं की! तुमी पोराच्या आत्याच न्हवं?"

मी विद्यापीठ, संशोधन, सगळं सांगितलं. सरूबाई खुदकन हसल्या. मग सरांना म्हणाल्या, "एवढं इचारलंत, आता तुमचं सांगा. घरी कोन कोन?"

सर गडबडले. "कुणी नाही."

"बहीणबी न्हाय?"

"नाही."

"व्हय? माझ्याबी माहेरात कुनी उरलं न्हाय. पोरीला मामा न्हाय. खावा पोहे, गार हुत्यात."

त्यानंतर सर वरचेवर तामलवाडीला जायला लागले. जाताना पेढे न्यायचे. विभागप्रमुख विचारायचे, "कोनाळे, तुमचा लेख कुठंय?" सर म्हणायचे, "माहिती अपुरी आहे." मी वैतागून म्हटलं, "अहो सर, त्या घरात माणसं दोन. अजून किती अपुरी?"

मग पूजाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आलेल्या सरूबाईंनी मला बाजूला घेतलं. "मांडवात पोरीला मामानं आनायचं असतंय. दीर हुबा ऱ्हाईल, पन त्यो बापाकडचा. माझ्या मागं कुनीच न्हाय, हे समद्या गावाला दिसंल. तुमच्या सरास्नी इचारा की. मला लाज वाटती."

मी विचारलं. सर म्हणाले, "माझं कुळ वेगळं, देवक वेगळं. हे बसत नाही, मॅडम." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

लग्नात सर पार मागच्या खुर्चीवर बसले होते. नवा सदरा, कडक इस्त्री. भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. सरूबाई खाली बघत पदराचं टोक पिळत होत्या. दीर फेटा सावरत उठायला लागला.

तेवढ्यात मागं खुर्ची पडली. "आलो, आलो!" म्हणत सर धावले आणि थेट नवरदेवाच्या खोलीत शिरले. मांडवभर हशा पिकला. दोघातिघांनी त्यांना धरून योग्य दाराकडं वळवलं. पूजाला घेऊन आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते, पण तिचा हात घट्ट धरलेला. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागून हलले नाहीत. सरूबाईंनी पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

परतताना जीपमध्ये सरांच्या केसांत अक्षता तशाच. सोलापूर रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाले, "मॅडम, पहिल्या सणाला पोरीला सासरहून आणायला मामा गेला तर चालतं का हो?"

उभा जन्म नातेसंबंध शिकवलेला माणूस मला विचारत होता. मी म्हटलं, "न चालायला काय झालं? जावा की."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "आणि आपल्या माणसांकडं जाताना आधी फोन करायचा असतो, का तसंच जायचं असतं?"