एकशे बारा मेगाहर्ट्झचं घर

मोहितेसाहेब कॉम्प्युटरच्या चित्र दाखवणाऱ्या कार्डाला थर्मामीटर लावत. आधी तापाचा लावला, घरातला, त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा. त्याचे आकडे एकशे आठ फॅरनहाइटला संपतात आणि कार्ड काही तिथं थांबेना. नळी तडकली, पारा टेबलावर सांडला. मग त्यांनी डेअरीत दूध तपासायचा लांबडा, सेल्सिअसचा थर्मामीटर आणला. तेव्हापासून कॅबिनेटचं झाकण कायमचं उघडं, आत थर्मामीटर सुतळीनं बांधलेला आणि शेजारी एक वही. वेळ, वेग, ताप, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक एकच शब्द असायचा: 'मेलं.'

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. रहिमतपूरजवळच्या आमच्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी. हे सांगायला मी कधी लाजलो नाही. साहेबांना माझं नाव ठाऊक होतं, तरी ते मला 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारत.

माझे वडील रस्त्यावर मैलकुली होते. खडी पसरायची, खड्डे भरायचे आणि ओव्हरसियर आला की फावडं ठेवून उभं राहायचं. मोहितेसाहेब निवृत्त ओव्हरसियर. त्यांचं कार्ड बघायला घरी गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मग तू बस. मी हुबा ऱ्हातो." आणि खरंच, कार्ड उघडलं की मी खुर्चीत आणि साहेब हातात बॅटरी धरून उभे.

त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न असे: "लोड किती?" रिक्षात नऊ माणसं दिसली की लोड किती. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, मुलीला चार धाकट्या बहिणी आहेत म्हटल्यावर तेच. माझी खात्री आहे, देवळात गेले तरी आधी कळसाकडं बघून हेच विचारत असणार.

नोकरीतली तीस वर्षं त्यांनी सरकारी क्वार्टरमध्ये काढली. सांगलीत कृष्णेच्या बाजूला एक प्लॉट घेतला होता. पुढं तो पूररेषेत गेला. तिथं बांधकामाला परवानगी नाही. रेषा आखायच्या नकाशावर खाली चार सह्या होत्या, त्यातली एक साहेबांची. "पाणी तिथवर येतंयच की रं," एवढंच ते म्हणत. अर्ज केला नाही, कुणाला भेटले नाहीत. भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. वर्षभरात काकूंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली.

मग साहेबांनी त्या प्लॉटवरचं घर कॉम्प्युटरवर बांधलं. पुण्याहून कुणाकडून तरी घरं काढायच्या प्रोग्रामची सीडी आणली, सहा महिने पुस्तकं वाचली. वीट न् वीट काढली. फाटक, अंगण, पारिजातक, उंबरा, सोपा, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. बाणाच्या बटणांनी त्यात चालत फिरता येई. काकूंना उशांना टेकवून बसवायचं आणि फाटकातून आत न्यायचं, एवढाच त्यांचा बेत.

अडचण अशी की कार्ड साधं. नेहमीच्या नव्वद मेगाहर्ट्झवर चित्र अडखळत चाले आणि काकूंना भोवळ येई. वेग वाढवून एकशे बारावर नेला की चित्र लोण्यासारखं सरके, पण कार्ड तापे. सत्तर अंशांवर भिंती फाटू लागत, पारिजातक जांभळा होई आणि सहाव्या मिनिटाला सगळं गोठे. सहा मिनिटांत काकू सोप्यापर्यंतच पोचत. स्वयंपाकघर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"साहेब, जरा भरभर चाला की," मी म्हणालो.

"ती काय पाव्हणी हाय? घरधनीण हाय. बघत बघतच जाणार."

"मग थेट स्वयंपाकघरातनंच सुरू करूया."

ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी वाळूत माती मिसळताना सापडलो होतो. "नव्या घरात बाई उंबरा वलांडून जाती, बीएस्सी. मागल्या दारानं कोण जातंय?"

काकू पलंगावरून जड जिभेनं म्हणाल्या, "आवं, त्यो बरोबर बोलतोय. माझं काय, कुठनं बी न्या."

"तू गप."

मी मोठा पंखा बसवला, चिपवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बदलला. एक मिनिट वाढलं. साहेबांचं समाधान होईना. मी चार दिवस गावाकडं गेलो आणि परत येईपर्यंत त्यांनी आपली विद्या वापरली होती. नवा स्लॅब आतून तापतो, म्हणून त्यावर ओलं गोणपाट टाकून पाणी मारतात. साहेबांनी कॅबिनेटच्या उघड्या बाजूला ओलं पोतं टांगलं आणि त्यामागं टेबलफॅन सोडला.

"आठ अंश उतारलं," ते म्हणाले. मी वर्षभरात त्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

पोतं मार्केट यार्डातलं होतं, हळदीचं. ओल्या वाऱ्याबरोबर ती हळद आत जाऊन कार्डावर लेपासारखी बसली होती. पितळी टोकं हिरवी पडली होती.

"कार्डाला हळद लावली म्हणा की," मी म्हणालो.

पलंगावर काकू हसल्या. अर्धाच चेहरा हसला. साहेब हसले नाहीत.

मी कार्ड स्पिरिटनं आणि दात घासायच्या ब्रशनं धुतलं. ते जगलं, पण त्याचा दम गेला. आता एकशे बारावर चारच मिनिटं टिके. तसं दुसरं कार्ड सांगलीत नव्हतं आणि पुण्याचा माणूस महिना सांगत होता. त्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी साहेबांना बाहेर बोलावून सांगितलं, काकूंचा महिनाही धरू नका.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, आता एकच वाट आहे. कार्डावरचं ओझं कमी करा. घरातलं काहीतरी काढा.

"काय काढू?"

"झाड काढा. पाना-पानाला कार्ड राबतंय."

"तीस वर्सं कुणाच्या स्लॅबातली एक सळी काढली न्हाई मी," ते म्हणाले. "आन् आता हिच्या घरातनं काढू?" त्यांनी मला जायला सांगितलं. मीही चिडलो होतो. वडिलांसारखा मान खाली घालून मी निघालो नाही, धाडकन दार लावून निघालो.

आठ दिवसांनी त्यांचा दुकानात फोन आला. "ये. पोचतंय बहुतेक."

मी गेलो. वहीत गेल्या आठवड्याचे शेरे बदललेले होते. पारिजातक काढला. फाटक काढलं. अंगण काढलं. सोपा पाडला. मधली खोली पाडली. एका ओळीत एक, सगळ्यांवर तारीख आणि खाली सही. पडद्यावर पांढऱ्या मोकळ्या जागेत फक्त एक उंबरा होता आणि त्याच्यामागं स्वयंपाकघर. ओझंच उरलं नव्हतं. वेग वाढवायचीही गरज नव्हती. थर्मामीटर अडतीसवर शांत होता.

साहेबांनी काकूंना उशांना टेकवलं आणि बटण दाबलं. चित्र कुठंही न अडखळता उंबऱ्यावरून आत गेलं. खिडकी, फडताळ, ओटा. ओटा पाहून मी चमकलो. तो जेमतेम पावणेदोन फूट उंच होता. इंचाच्या चुकीसाठी भिंत पाडायला लावणारा हा माणूस. मी हळूच म्हणालो, "साहेब, ओट्याचं माप चुकलंय."

"न्हाई चुकलं," ते तितक्याच हळू म्हणाले. "खुर्चीत बसून करंल ती."

 काकूंचा डावा हात गोधडीवर चाचपडू लागला. मला वाटलं पाणी हवंय, मी तांब्या उचलला. पण त्या पदर शोधत होत्या. पदर हाताला लागला, तो कमरेला खोचायचा होता, आणि हात काही तिथवर पोचेना.

साहेब उठले. त्यांनी पदर घेतला, नीट चुणी केली आणि काकूंच्या कमरेला खोचून दिला.