आपद्ग्रस्त दिसण्याची पात्रता

संकटात सापडलेल्या माणसाने संकटात सापडल्यासारखं दिसावं, एवढी किमान अपेक्षा समाजाने ठेवली तर त्यात गैर काही नाही. लांजा तालुक्यातल्या एका वाडीत राहणाऱ्या हौसाबाईंनी ती पुरी केली नाही, हे खेदाने नमूद करावं लागतं.

वादळात त्यांच्या घराची कौलं उडाली. (सगळी नव्हे. न्हाणीवरची थोडी शाबूत होती.) पाऊस तोंडावर आलेला, मुलगा विनीत मुंबईत, आणि चुलीपाशी बसून मान वर केली की थेट आभाळ. त्यांना पत्रे हवे होते.

पत्रे वाटण्याचं काम आता माणसांकडे राहिलेलं नाही. माणूस भाचे-पुतणे बघतो. म्हणून मदत करणाऱ्या संस्थेने ‘करुणा’ नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. करुणेला भाचे नाहीत. ती घराचा आणि घरच्या माणसाचा फोटो बघून दुःखाला शंभरपैकी गुण देते, साठाला उत्तीर्ण. लाखभर दुःखी चेहरे दाखवून तिला तयार केलेलं आहे. (चेहरे कुठले, हे गोपनीय आहे. कोकणातले नसावेत.)

फोटो काढायला माणूस येणार असा निरोप आला, तेव्हा हौसाबाईंनी वाडीतल्या कोणीही केलं असतं तेच केलं. फुटकी कौलं परसात लोटली, घरापुढचं खळं शेणाने सारवलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि शेजारच्या गंगाकडून टवका न उडालेल्या कपबशा आणल्या. संस्थेचे प्रतिनिधी सुजय मोबाईल घेऊन आले, तेव्हा त्या दारात हसत उभ्या होत्या.

“आजी, जरा दुःखी दिसा हो,” सुजय अजिजीने म्हणाले.

“पावण्यासमोर रडू काय? कवलां गेली, बाकी बरा हाय. आधी चाय घ्या.”

त्यांनी चहा घेतला, फोटोही घेतला. हौसाबाईंना सात गुण पडले. शेरा : ‘सुखवस्तू. घरी कार्य असण्याची शक्यता.’

वाडीत पहिला आला तो राजेंद्ररावांचा बंगला. मालक ठाण्याला, गणपतीपुरते येतात. दाराला कुलूप, अंगणात कमरेएवढं गवत, भिंतीवर शेवाळ. सत्त्याण्णव गुण. पत्रे त्याच्या स्लॅबवर नेऊन रचण्यात आले. (स्लॅबला पत्रे कशाला, हे करुणेला विचारायची सोय नाही.)

हौसाबाईंना फार लागलं ते. त्या रडल्यासुद्धा, पण घरात कोणी नसताना, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

विनीतने तक्रार केली. संस्था नीतिमत्तेच्या बाबतीत भलतीच काटेकोर : यंत्राने नाकारलेलं प्रकरण माणसाच्या नजरेखालून गेलंच पाहिजे, असा तिचा नियम आहे. पण एवढी माणसं आणायची कुठून? आपण मोबाईलवर तिकीट काढताना, बिल भरताना ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करायला चित्रांचे नऊ चौकोन येतात ना, त्यांत हे फोटो, मंजूर झालेल्या घरांच्या फोटोंत मिसळून, घालण्यात आले. खाली सूचना : ‘आपद्ग्रस्त निवडा.’

परवा तुम्ही कोकणात जायचं तिकीट काढत होतात. एका चौकोनात सारवलेल्या खळ्यात उभी राहून कपबशी पुढे करणारी हसरी म्हातारी होती. तुम्हाला ती आवडलीही. तिला वगळून तुम्ही कुलूपबंद बंगल्यावर बोट ठेवलंत आणि पुढे गेलात.

तुम्ही माणूस असल्याची खात्री पटली. हौसाबाईंचं प्रकरण मानवी तपासणीअंती निकालात निघालं, आणि तुम्हाला खिडकीची जागा मिळाली.