पुराणिक काका आणि 'लीव्ह'

आमच्या वरच्या मजल्यावरचे पुराणिक काका इंग्रजी मेसेज उभ्यानं वाचत नाहीत. आधी खुर्ची ओढतात, पाण्याचा तांब्या हाताशी घेतात आणि मग मोबाईल उघडतात. मेसेज बँकेचा असो की मोबाईल कंपनीचा, पहिली ओळ वाचली की जिन्यातून हाक येते, "वर्षा, जरा वर ये. एक क्रियापद आलंय."

मी गारखेड्यात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे. काकांना नामांची भीती नाही, विशेषणांना ते खिजगणतीतही धरत नाहीत. क्रियापद मात्र त्यांना घरात शिरलेल्या अनोळखी माणसासारखं वाटतं. "दिसायला सभ्य आहे," ते म्हणतात, "पण आलंय कशाला?" मी एक अर्थ सांगितला की ते दुसरा विचारतात, दुसरा सांगितला की तिसरा. त्यांचा नियम ठरलेला: आधी वाईट अर्थ धरायचा. चांगला निघाला तर नशीब.

एकदा 'रिचार्ज एक्स्पायर होणार' असा मेसेज आला, तर त्यांनी तो मोबाईल देवघराजवळून उचलून बाहेर पायपुसण्यावर नेऊन ठेवला. म्हणाले, "एक्स्पायर तुझी काकू झाली होती. डॉक्टरनं हाच शब्द वापरला होता. रिचार्जला कशाला लावतात?"

पण सगळ्यात जास्त धास्ती 'लीव्ह'ची. त्याला कारण होतं.

काका चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. एका दुपारी नव्या साहेबानं केबिनमध्ये बोलावलं, बराच वेळ इंग्रजीत बोलला आणि शेवटी म्हणाला, "यू मे लीव्ह." काकांना तेवढंच नीट कळलं. लीव्ह म्हणजे रजा. त्यांनी थँक्यू म्हटलं, वाटेत जिलेबी घेतली आणि काकूंना घेऊन सिनेमाला गेले. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं त्यांचं कार्ड मागून घेतलं आणि मान खाली घातली.

"मी त्याला थँक्यू म्हणालो गं," हे सांगताना काका दर वेळी हसायचे. मीही हसायचे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची शिकवणी संपवून मी भाजी निवडत होते. त्या दिवशी जिन्यातून हाक आली नाही. काका स्वतःच खाली आले, तेही अनवाणी. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

मेसेज मृणालचा होता. मृणाल ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न करून पुण्याला गेलेली. मेसेजमध्ये एकच वाक्य होतं: 'आय हॅव लेफ्ट.' त्यानंतर तिचा फोन बंद.

"निघाली असेल, काका," मी म्हणाले. "लीव्ह म्हणजे निघणे."

"निघाली असती तर 'स्टार्टेड' लिहिलं असतं. आपली माणसं निघाली की स्टार्टेड म्हणतात."

हे खरंच होतं. मी म्हटलं, "तोच अर्थ हो. लीव्ह, गो, डिपार्ट..." आणि जीभ चावली. काकांचा चेहरा उतरला. 'डिपार्टेड' त्यांनी कुठल्याशा शोकसभेच्या बोर्डावर वाचला होता.

"दुसरा सांग," ते हळूच म्हणाले.

"सोडणे. नोकरी सोडली असेल. किंवा मागे ठेवणे. विसरणे. राहू देणे." मी घाईघाईनं अर्थ काढत होते आणि एकही धड बसत नव्हता. शेवटी मीच म्हणाले, "जावयांना फोन करू या का? ते सांगतील."

"नाही." काकांनी इतक्या ठामपणे नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्याला विचारायचं नाही. आधी वाईट अर्थ धर. ती त्याला सोडून निघाली असेल, तर त्याला खबर आपणच दिल्यासारखं होईल."

मी भाजीची परात बाजूला सरकवली. "तुम्हाला काही माहीत आहे का, काका?"

"दिवाळीला आली होती तेव्हा त्याचा फोन वाजला की उभी राहायची. बसल्या जागी कधी उचलला नाही." ते थांबले. "मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग ते खरं झालं असतं."

दुपारी काकांचाच फोन वाजला. स्क्रीनवर जावयाचं नाव होतं. काका खुर्चीत बसले. मी तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, मृणाल तिकडं आलीय का? ऑफिसात पोचली नाही म्हणे."

"नाही बुवा," काका म्हणाले. "इथं कुठं? सकाळी मेसेज आला होता, लेफ्ट म्हणून. ऑफिसलाच निघाली असेल."

"खोटं बोलत नाही ना तुम्ही?" जावई शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

"मला इंग्रजी कमी कळतं, जावईबापू. लिहिलं तेवढं सांगितलं."

फोन ठेवून ते उठले. मग म्हणाले, "स्कूटर काढ. पुण्याहून येणाऱ्या गाड्या बघू."

बसस्थानकावर आम्ही एकेक गाडी बघत राहिलो. गाडी आली की काका पुढच्या दारापाशी जायचे, मी मागून खिडक्या बघायचे. गाडी रिकामी झाली की दोघं परत खांबापाशी. एकमेकांकडे बघत नव्हतो. माझ्या डोक्यात तो 'डिपार्टेड' फिरत होता आणि त्यांच्याही फिरत असणार. ऊन उतरलं, चहावाल्यानं दुसऱ्यांदा विचारून पाहिलं.

दिवे लागायच्या सुमाराला आलेल्या गाडीतून मृणाल उतरली. ऑफिसची पर्स आणि डब्याची पिशवी, बाकी काही सामान नाही. बापाला बघून ती जागीच थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी डब्याची पिशवी तिच्या हातातून घेतली. "चल घरी."

रिक्षात ती आपणहून बोलली, हे तिनंच मला मागाहून सांगितलं. नवरा रोज तिचा फोन तपासायचा. म्हणून मुद्दाम असं लिहिलं, की त्यानं वाचलं तरी ऑफिसला निघाले असंच वाटावं. "बाबा, तुम्हाला कळणार नाही याची भीती वाटत होती. आणि कळेल याचीही."

काका बाहेर बघत होते.

माझी स्कूटर मागून पोचली तेव्हा मृणाल हातपाय धुऊन पाटावर बसली होती. मला बघून हसायचा तिनं प्रयत्न केला. मग बापाला म्हणाली, "बाबा, मी थोडे दिवस इथं राहू का?"

"त्यातला 'का' काढून टाक," काका म्हणाले आणि आमटी गरम करायला आत गेले.

बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही, म्हणून मी बघायला गेले. काका गॅससमोर उभे होते. पातेलं वर, शेगडी बंद. डोळे भरून वाहत होते आणि ते पंच्यानं तोंड दाबून धरत होते.

"तू जाऊ नकोस एवढ्यात," ते कसंबसं म्हणाले. "तिनं मला असं बघितलं तर म्हणेल, बाबांना त्रास होतोय. आणि सकाळी परत जाईल."

मी शेगडी पेटवली, आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "काका, मीठ कुठं ठेवता हो?"