खंडेराव बँडमास्तरांचा जर्मन ड्रेस

ओझरचे द्राक्षबागाईतदार कारभारी शेजवळ मुलीच्या लग्नाची सुपारी द्यायला पंचवटीत आले, तेव्हा खंडेराव बँडमास्तर दुकानाच्या पायरीवर बसून क्लॅरिनेट पुसत होते. तारीख ठरली, सोळा माणसं ठरली, आणि उठता उठता कारभारी सहज म्हणाले,

"अन् हे बघा मास्तर, लग्नाला एक जर्मन साहेब हाय. वेबर म्हणून. आपली द्राक्षं तिकडं न्यायचं बोलतोय. पोरं जरा नीटनेटकी आणा. मागच्या टायमाला तुमचा ढोलवाला लुंगीवर आला होता."

"त्याचा ड्रेस उंदरांनी खाल्ला होता," खंडेराव म्हणाले. "तुम्ही बिनघोर राहा. जर्मन साहेबाला एकदम घरच्यासारखं वाटंल असं काहीतरी करतो."

कारभारींनी त्याच वेळी 'काय करता' एवढं विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांना आचाऱ्याकडे जायची घाई होती.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता. जर्मन माणसं कशी दिसतात हे सांगणारं पंचवटीत कुणी नव्हतं. खंडेराव भद्रकालीतल्या रद्दीच्या दुकानात दोन तास बसले आणि कव्हर फाटलेलं एक इंग्रजी मासिक घेऊन घरी आले. मधल्या पानावर जर्मन शिपायांची रांग होती. उंच टोप्या, चकचकीत बूट, कमरेला रुंद पट्टा. दंडावर लाल फीत, तिच्यात पांढरा गोल, आणि गोलात चक्क स्वस्तिक. इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे फोटोखालच्या मजकुराचा त्यांना काहीच त्रास झाला नाही.

"बघ रंगू," ते बायकोला म्हणाले, "एवढ्या लांब राहून त्यांनी स्वस्तिक सोडलं नाय. आपल्याकडं लोक उंबऱ्यावर काढायचा कंटाळा करतात."

रंगूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "पण वाकडं काय काढलंय?"

"तिकडं थंडी लय. हात थरथरत असतील."

कुंदन टेलरलाही हीच शंका आली. "मास्तर, सरळ करून देऊ का? कापड तेवढंच लागंल."

"फोटोत हाय तसं पायजे. साहेबाला वाटायला नको, आपल्याला जमलं नाय."

कुंदननं काळ्या फितीच्या पट्ट्या कापून सोळाच्या सोळा स्वस्तिकं सारख्याच कोनात वाकडी शिवली. टोपीवर फोटोत कवटीसारखं काहीतरी दिसत होतं. तो छपाईतला डाग असावा असं दोघांनी मिळून ठरवलं आणि तिथं पितळी मोर बसवला. फोटोतले शिपाई उजवा हात ताठ पुढे करून उभे होते, तेव्हा खंडेरावांनी तशी तालीमही घेतली. पहिलं गाणं संपलं की सगळ्यांनी हात वर करायचा. "मग ट्रॉम्बोन कोण धरील?" असं ट्रॉम्बोनवाल्यानं विचारल्यामुळे त्याला तेवढी सूट मिळाली.

लग्नाच्या दिवशी वेबर साहेबांना लाल फेटा बांधून पहिल्या रांगेत कारभारींच्या शेजारी बसवलं होतं. हातात बुंदीचा लाडू होता आणि तो त्यांना मनापासून आवडलेला दिसत होता. तेवढ्यात मांडवाच्या फाटकातून खंडेरावांचा बँड पाय आपटत आत आला.

लाडू तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग फेट्याच्या रंगाचा झाला. कारभारींना भरून आलं. "घरची आठवण आली वाटतं," ते पलीकडच्या व्याह्यांच्या भावाला म्हणाले.

साहेब ताडकन उभे राहिले. आपल्या मानासाठी साहेब उठला, हे पाहून खंडेरावांनी गाणं अर्ध्यावर तोडून खूण केली. पंधरा हात एका झटक्यात वर गेले. बायकांच्या बाजूला मंगलाष्टकं सुरू झाली असा समज होऊन बँडवर अक्षता पडू लागल्या. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ही नवी पद्धत असेल म्हणून आपलेही हात वर केले. वेबर साहेबांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, आणि लाडू खुर्चीवर ठेवून ते मांडवामागे, आचाऱ्याच्या चुलीकडे निघून गेले.

कारभारींची धाकटी बहीण मनीषा नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. भाचीच्या केसात गजरा माळताना तिनं गाणं मध्येच थांबलेलं ऐकलं आणि ती बाहेर आली.

"दादा, हे काय आहे?"

"जर्मन ड्रेस. मास्तरनी खास साहेबासाठी शिवलाय."

मनीषानं कारभारी आणि खंडेराव दोघांना दंड धरून कनातीच्या आड ओढलं आणि अगदी थोडक्यात सांगितलं. ही फीत बांधणाऱ्यांनी आगगाड्या भरभरून माणसं नेली आणि मारली. लाखांनी मारली. आता खुद्द जर्मनीत असा ड्रेस घालून कुणी रस्त्यावर आला तर पोलीस उचलतात.

खंडेरावांच्या हातातलं क्लॅरिनेट खाली आलं. "पोरंबाळंसुद्धा मारली?"

"पोरंबाळंसुद्धा."

त्यांनी मोराची टोपी स्वतःच काढली. मग मागे वळून म्हणाले, "काढा रे सगळे. कोट काढा. आत्ताच्या आत्ता."

कोट निघाले आणि आतून सोळा बनियन प्रकट झाले. त्यातल्या एकालाही दोन्ही बाजू शाबूत नव्हत्या. तिकडे मारुतीच्या देवळासमोर नवरदेव घोड्यावर बसून बँडची वाट पाहत होता आणि तिकडून तीन वेळा निरोप आला होता.

"व्याही काय म्हणतील," कारभारी म्हणाले. "अन् द्राक्षं तर गेलीच आता."

तेव्हा त्यांची आई विमलाबाई पुढे झाली. तिनं आहेराची पेटी उघडली आणि सोळा टॉवेल, सोळा टोप्या मोजून बाहेर काढल्या. टॉवेल छातीवरून घेऊन खांद्याशी सेफ्टी पिना लावल्या, डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढल्या, आणि बँड पुन्हा माणसांत आला.

राहिल्या फिती. मनीषा त्या गोळा करून चुलीत टाकायला निघाली, तर विमलाबाई चुलीपुढं आडवी उभी.

"नातीच्या लग्नात स्वस्तिक जाळतीस?"

"आई, हे आपलं स्वस्तिक नाही."

"वाकडं असलं म्हणून काय झालं. हाय तर स्वस्तिकच."

"हे असं ठेवताही येणार नाही, आई."

"ठेवू नको. पण जाळायचं नाय."

फितीचं एक टोक मायच्या हातात, एक लेकीच्या. शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभे असलेले वेबर साहेब हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी मनीषाला इंग्रजीत विचारलं, हे चाललंय तरी काय. मनीषानं खंडेरावांना विचारत विचारत सगळं सांगितलं. ढोलवाल्याच्या लुंगीपासून सुरुवात केली, भद्रकालीतली रद्दी, थंडीनं थरथरणारे हात, पितळी मोर, काहीच वगळलं नाही.

साहेबांचे खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत हे कारभारींना कळेना, म्हणून त्यांनी दोन्हींना चालेल असा चेहरा केला. साहेबांनी डोळे पुसले, कात्री मागितली, कांद्याच्या गोणीवर बसले आणि पहिल्या फितीची शिवण उसवू लागले. स्वस्तिकाच्या चार काळ्या पट्ट्या झाल्या. विमलाबाईनं त्या निरखून पाहिल्या.

"हां. आता टाक चुलीत. आता ह्या नुसत्या चिंध्या."

खंडेराव साहेबांच्या शेजारी बसले आणि एकेक फीत पुढे करू लागले. पाचव्या-सहाव्या फितीला साहेब काहीतरी हळू बोलले. मनीषानं सांगितलं, "त्यांच्या आजोबांनी ही बांधली होती म्हणतात. घरात त्यावर कुणी बोलत नाही."

 खंडेरावांनी पुढची फीत उलगडून दिली.

त्यानंतर टॉवेल-टोपीतला बँड असा वाजला, की वऱ्हाड देवळातून मांडवात यायला दीड तास लागला. वेबर साहेब घोड्यापुढं नाचले आणि त्यांनी फोटोही काढले. द्राक्षांचा करार दुसऱ्या दिवशी झाला. नवऱ्याकडच्या दोघांनी खंडेरावांना आपल्याही लग्नात तोच टॉवेलचा ड्रेस पाहिजे म्हणून बजावलं.

मे महिन्यात खंडेराव मनमाडला एका सुपारीला गेले असताना जर्मनीहून पार्सल आलं. रंगूबाईंनी ते उघडलं. आत काचेच्या फ्रेममध्ये टॉवेल-टोपीतले खंडेराव हसत होते, आणि फ्रेमला चंदनाचा हार घातलेला होता.

खंडेराव संध्याकाळी परतले, तेव्हा दारात गल्ली जमली होती. शेजारच्या कलाबाई रंगूबाईंना पाणी पाजत होत्या. "सकाळी तर चांगले चालत गेले होते," असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. खंडेरावांनी मागून विचारलं, "कोण गेलं?" त्यानंतर पाण्याची गरज कलाबाईंना लागली.

पार्सलातलं पत्र दुसऱ्या दिवशी मनीषानं वाचून दाखवलं. साहेबांनी लिहिलं होतं की, कारभारींच्या घरात सगळ्यात मानाच्या माणसांच्या फोटोंना असे हार दिसले, तेव्हा परत निघताना नाशिकच्या बाजारातून एक मुद्दाम घेतला होता. माझ्या लेखी तो मान तुमचा.

"त्यांना खरं काय ते कळवू का?" मनीषानं विचारलं.

खंडेरावांनी फ्रेमकडे पाहिलं. "नको. हार लय आवडला म्हणून लिहा."

रंगूबाईंनी हार काढून ट्रंकेत तळाशी घातला. पण पुढच्या फेब्रुवारीत वेबर साहेब फोटो बघायला पंचवटीत येणार असा निरोप आला, तेव्हा रंगूबाईंनीच तो देवाची क्षमा मागून फोटोला पुन्हा घातला. देवाचा गोंधळ व्हायला नको म्हणून खंडेरावांना फोटोच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसवलं आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली.

साहेब आले. चपला दाराबाहेर काढल्या, फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले आणि डोळे मिटून छान वाकून नमस्कार केला. खालून खंडेरावांनीही केला.