तात्या चौगुल्यांचं आयर्लंड

आमच्या कॉलनीतले तात्या चौगुले सिटी बसमधून उतरले की ड्रायव्हरचे आभार मानतात. साधेसुधे नाहीत. बसला वळसा घालून ते ड्रायव्हरच्या खिडकीखाली येतात, डोक्यावरची गांधी टोपी काढतात आणि सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "लै आभारी हाय! झकास आणलंस बघ!"

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा ड्रायव्हरनं इंजिन बंद करून विचारलं होतं, "काय झालं काका? पाकीट मारलं काय कुणी?" दुसऱ्या ड्रायव्हरला तो टोमणा वाटला. "पाच मिंटं उशीर झाला म्हणून इतकं लागट बोलाय नको," म्हणून तो आठवडाभर रुसला. आता सगळे सरावलेत. तात्या कधी गडबडीत तसेच निघाले तर ड्रायव्हरच हॉर्न मारतो, "ओ तात्या, आमचं ऱ्हायलं की!"

विचारलं तर तात्या म्हणतात, "कोव्हला असंच करत्यात."

कोव्ह हे आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, बंदराच्या चढणीवर वसलेलं रंगीबेरंगी गाव. तात्यांची मुलगी आणि जावई तिथं नोकरीला असतात. दोन वर्षांपूर्वी तात्या आणि त्यांच्या पत्नी मालूकाकी तिथं तीन महिने राहून आले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात उभी नोकरी काढलेला हा मुरगूडचा माणूस. जाताना डोक्यावर टोपी होती, येतानाही तीच टोपी होती, पण टोपीखाली आयर्लंड शिरलं होतं.

तेव्हापासून जो सापडेल त्याला तात्या कोव्हला पाठवायच्या तयारीला लागले. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो, की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला. टाकी खांद्यावरच असायची आणि तात्यांचं सुरू. "पावणं, कोव्हला गेलात तर काय काय करायचं ते लिहून घ्या. पयलं काम, छत्री घरात ठेवायची. तिथला वारा छत्रीचं कमळ करतोय. दुसरं, बंदरावरच्या बाकड्यावर बसून बटाट्याचं तळल्यालं काप खायाचं, पर पुडा असा छातीशी धरून. तिथली समुद्रपाखरं म्हंजे दरोडेखोर! माझा आख्खा मासा नेला. नेला तर नेला, वर समोरच्या खांबावर बसून माझ्याकडं बघत खाल्ला."

"व्हय काय!" टाकीवाला म्हणायचा आणि खांदा बदलायचा.

"तिसरं, टायटॅनिक बोट शेवटची जिथनं सुटली ते बंदर बघायचं. घाईघाईनं येऊन चढल्याली बुडली, येळ चुकल्याली वाचली. तवापासनं मी कशाचीच घाई करत न्हाय. चौथं, माशाचा पांढरा रस्सा. नुसता दुधाळ, दम न्हाय त्याच्यात. मी खिशातनं कांदा-लसणाची चटणी काढली. वाढणाऱ्या बाईनं चमचाभर चाखली, तीन ग्लास पाणी प्याली, आन् चौथ्या मिंटाला वाटी घेऊन परत आली की!"

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मलकापूरच्या पुढचा घाटसुद्धा कामाशिवाय उतरलेला नव्हता. पण तात्यांच्या आवाजात असा काही हुकूम असायचा की मीटरवाल्या पोराने एकदा खरोखरच रीडिंगच्या वहीत 'छत्री नको' असं लिहून घेतलं.

इथपर्यंत आम्हाला मजाच वाटत होती. परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तात्यांनी घर पिवळं केलं आणि मजा संपली.

आमच्या कॉलनीत वीस बंगले आहेत. एकाच बिल्डरनं एकाच साच्यातून काढलेले. तीच चार पायऱ्यांची चढण, तेच लोखंडी फाटक, सायीसारखा फिका रंग आणि त्यावर कॉफीची पट्टी. आमचे अध्यक्ष भोसलेसाहेब याला 'शिस्त' म्हणतात. त्या शिस्तीच्या मधोमध तात्यांनी जो पिवळा लावला, तो बघून शाळेची बससुद्धा लाजली असती. ढगाळ दिवशीही त्या भिंतीकडे बघताना डोळे बारीक करावे लागत.

"हे काय तात्या?" मी विचारलं.

"तिथली घरं अशीच असत्यात. एक निळं, एक गुलाबी, एक पिवळं."

"पण का?"

मला त्यांनी सांगितलं की तिकडं सहा महिने ऊन पडत नाही, म्हणून माणसं ऊन भिंतीला फासतात. दूधवाल्याला सांगितलं की बोटी रंगवून उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून. भोसलेसाहेबांना सांगितलं की एक राणी गावात येणार होती, तिला घरं पसंत पडावीत म्हणून. दर माणसाला नवं कारण. दोघांची गाठ पडून कारणं जुळेनात, तेव्हा तात्या म्हणाले, "मोठं गाव हाय. कारणं बी भरपूर असणार की."

भोसलेसाहेब सही केलेल्या कागदावर फार विश्वास ठेवतात. त्यांनी तात्यांना नोटीस काढली: पंधरा दिवसांत घराचा रंग पूर्ववत करावा. ती नेऊन द्यायचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी मी. निवडीच्या बैठकीला जो हजर नव्हता त्याला सेक्रेटरी केलं होतं. मी नोटीस दिली. तात्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर 'कोव्हला गेल्यावर करायच्या गोष्टी' एक ते अकरा लिहून काढल्या आणि परत माझ्या हातात दिली. "साहेबास्नी द्या. त्यांनी जरा हिंडून यायला पायजे."

दिवाळीच्या आधी सोसायटीनं सगळ्या कॉलनीला नव्यानं रंग द्यायचं काढलं. रंगारी तात्यांच्या दारात आले, तेव्हा फाटकात खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी घेऊन तात्या बसलेले. समोर भोसलेसाहेब, मागे शिडी, शिडीमागे मी. कॉलनीतल्या बाया गच्चीत. नाटकाच्या पहिल्या प्रयोगालाही इतका प्रेक्षक मी पाहिलेला नाही.

"चौगुले, नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले.

"नियमाला घर न्हाय. मला हाय."

"एकट्यासाठी कॉलनीचं रूप बिघडवायचं का?"

"भिंत माझी. ऊन माझ्या भिंतीवर पडतंय, पाऊस माझ्या भिंतीवर पडतोय. रंग तुमचा कसा?"

"मी पोलिसांत जाईन!"

"जावा की! पोलीस इचारतील, काय गुन्हा? सांगा, पिवळा हाय. त्यास्नी बी जरा हसू द्या."

गच्चीतून टाळ्या पडल्या. दारात मालूकाकी उभ्या होत्या. सडपातळ, ताठ, हातात कापडी पिशवी. त्या रोज एकट्या देवळात जातात आणि येताना डेअरीतून दूध आणतात. एवढा तमाशा चालला असताना त्या नुसत्या भिंतीवर हाताचा पंजा टेकवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, नवऱ्याच्या खुळापायी बिचारीला शरम वाटत असेल.

रंगारी माघारी गेले. पण गुरुवारी तात्यांना शेताच्या वाटणीसाठी मुरगूडला जावं लागलं. ते नऊच्या एसटीनं गेले. सव्वानऊला साहेबांचा फोन आला. "आज मैदान मोकळं आहे. उरकून घ्या."

मी उरकून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला त्यात थोडी गंमतही वाटत होती. तात्या परत येतील, घर सापडणार नाही, मग कशी धमाल उडेल, हा प्रवेश मी मनातल्या मनात दोनदा करून पाहिला. घराला कुलूप होतं, काकी देवळात गेलेल्या. अकरा वाजेपर्यंत दर्शनी भिंत सायीसारखी फिकी झाली. वीसच्या वीस बंगले एका माळेचे. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून शिस्तीकडे बघत होतो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून काकी आल्या. नेहमीच्या ताठ चालीत. आपल्या फाटकासमोरून सरळ पुढे गेल्या. वाटलं, कुणाकडे निघाल्या असतील. कॉलनीच्या टोकाला जाऊन वळल्या. परत आल्या. परत फाटकावरून पुढे. मग रस्त्याच्या मधोमध थांबल्या, मान जरा तिरकी केली, आणि एकेका घराकडे कडेच्या नजरेनं बघायला लागल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात, पुन्हा पहिल्या हातात. उन्हात त्यांच्या वरच्या ओठावर घाम आलेला होता.

मी दोन पावलं पुढे झालो. त्यांना चाहूल लागली. माझ्या दिशेनं तोंड करून त्यांनी विचारलं, "पावणं, हितं पिवळं घर हुतं. कुठं गेलं वो?"

अकरा वर्षांचा शेजार. त्यांच्या हातचा चहा मी शेकडो वेळा प्यालोय. आणि मी समोर चार हातांवर उभा असताना त्यांनी मला पावणं म्हटलं.

मी हात धरायला गेलो. त्यांनी झटक्यात मागे घेतला. "हात नको. तोंडानं सांगा."

"काकी, मी आहे. शेजारचा. तुमच्या डाव्या हाताला, विजेच्या खांबानंतरचं फाटक."

"तू व्हय!" त्या म्हणाल्या. आवाजावरून ओळखलं. पायरीवर बसल्यावर बोलल्या, तेही भांडल्यासारखं. "समोरचं दिसत न्हाय मला. कडेचं दिसतंय. तोंडं दिसत न्हाईत, रंग दिसत्यात. डॉक्टर म्हणालं, हाय ते टिकलं तरी बास. आदी फाटकं मोजत येत हुते. मधी कुणाची गाडी आडवी असली की मोजणी चुकायची. एकदा तुझ्याच घरात जाऊन बसले आन् शेपू निवडाय लागले. तुझी बायको आली तशी म्हटलं, तुझ्यासंगट निवडावं म्हणून आले."

तो दिवस मला आठवत होता. किती मायाळू बाई, असं आम्ही नवराबायको नंतर चार जणांना सांगितलं होतं.

"तिकडं लेकीचं घर पिवळं हुतं," काकी म्हणाल्या. "एका बाजूला निळं, एका बाजूला गुलाबी. मला तिथलं अक्षर वाचाय येत न्हाय, बोली कळत न्हाय. तरी तीन म्हैने रोज एकटी बंदरावर जायाची आन् एकटी वर चढून यायाची. एक दिवस चुकले न्हाय. हितं माझ्या गावात चुकत हुते." मग बोट माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "कुणाला सांगशील तर बघ. एकदा का लोकांनी हात धराय सुरवात केली, की बाई घरात बसली. मला बसायचं न्हाय. ह्यांनी सगळ्या गावात येडं म्हणून घेतलं, पर माझं नाव काढलं न्हाय. तू काढू नगंस."

मी तिथून कसा पळालो ते रंगाऱ्यांना विचारा. बाजूच्या भिंतीवरचा पिवळा तेवढा वाचला होता. त्याचा एक टवका किल्लीनं खरवडून रुमालात घेतला, दुकानात मशीनवर तसाच रंग घोटून घेतला आणि रंगाऱ्यांना म्हटलं, "पुन्हा." मुख्य रंगाऱ्यानं माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. "आदी ठरवा तरी तुमचं."

संध्याकाळी सहाला तात्या आले. भिंतीजवळ थांबले. बोट लावलं. बोट पिवळं झालं.

"वलं हाय," ते म्हणाले.

"पावसानं उडाला होता थोडा. म्हटलं, सारखा करून घेऊ."

तात्यांनी कोपऱ्यातल्या फिक्या रंगाच्या रिकाम्या बादल्या पाहिल्या. माझ्या शर्टावरचे दोन्ही रंगांचे शिंतोडे पाहिले. आत गेले.

रविवारी बैठक. भोसलेसाहेब माझ्यावर इतके भडकलेले की त्यांच्या कपाळावरच्या शिरा मोजता येत होत्या. मी उभा राहिलो. घसा साफ केला. आयुष्यात इतका जीव तोडून मी कुठलंच भाषण केलं नसेल. वीस घरांतल्या माणसांनी आपापल्या मनातला रंग एकदा तरी सांगावा, एवढंच मागितलं. मग आमच्या कोपऱ्यावरच्या रिटायर्ड फौजदारांनी हळूच सांगितलं की त्यांना लहानपणापासून जांभळा आवडतो. मग काय, रंगपंचमीच! बंगल्याला हवा तो रंग लावावा, असा ठराव झाला. विरोधात एक मत, साहेबांचं.

"एक अट आहे," मी म्हणालो. "पिवळा सोडून. पिवळा दुसऱ्या कुणीही लावायचा नाही."

"ते का?" साहेब ओरडले.

"तात्यांनी आधी घेतलाय. नोंद करा." आणि नोंद मीच केली, कारण सेक्रेटरी मी.

तात्या सबंध बैठकीत मागच्या खुर्चीवर बसले होते. कोव्हचं नाव नाही, काही नाही. बाहेर आल्यावर रस्त्यात त्यांनी मला गाठलं.

"पिवळा सोडून, असं कशापायी घातलंस?"

"आयर्लंडात तसाच नियम आहे म्हणे. एका गल्लीत एकच पिवळं."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. जबडा दोनदा हलला. "हाय की," ते म्हणाले. "हाय तसा नियम."

समोरून काकी दूध घेऊन येत होत्या. आम्ही दोघं जागचे हललो नाही, हाक मारली नाही, तिकडे बघतसुद्धा नाही असं दाखवत रस्त्याच्या खड्ड्यांवर जोरजोरात बोलत राहिलो. काकी आमच्या शेजारून ताठ गेल्या, खांबापाशी पोचल्या आणि चाल जराही कमी न करता वळल्या. फाटकाची कडी वाजली.

खड्ड्यांवर बोलता बोलता तात्या मधेच थांबले आणि टोपी काढून तोंड पुसलं.