बिशप भुंकला की पाठ फिरवा

क्लोव्हर हिल्स या वसाहतीत हिल म्हणावी अशी टेकडी एकही नाही, आणि क्लोव्हरचं तिपानी गवत उगवलंच तर ते तण समजून सात दिवसांत उपटावा असा नियम आहे. नियमांची वही चौऱ्याऐंशी पानांची. त्यातल्या एकसष्टाव्या कलमाने वेंडेल होस्टेटलरची झोप उडवली होती. कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल तीन नोटिसा. तिसरी नोटीस वार्षिक पिकनिकला सगळ्या रहिवाशांसमोर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली गेली, की महिन्याभरात कुत्र्याने वसाहत सोडायची. दोन येऊन गेल्या होत्या.

कुत्रा म्हणजे बिशप, नऊ वर्षांचा बीगल. तो पोस्टमनवर भुंके, खारींवर भुंके, आणि कॅनडाहून निघालेली बदकं अजून मिशिगनवर असतानाच इंडियानातून त्यांच्यावर भुंकायला सुरुवात करी. त्याच्यामुळे कोपऱ्यावरच्या चर्चने घंटा वाजवणं सोडून दिलं होतं. लोक बिशपच्या आवाजावरच वेळेत पोचत.

वेंडेलने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आरशातून एक नजर टाकून साठ पोरं गप्प करणारा माणूस, एका कुत्र्याला काय घाबरणार? त्याने चेडर चीजचे चौकोनी तुकडे केले. बिशप भुंकला की वेंडेल "शू" म्हणे, बिशप गप्प बसे, वेंडेल तुकडा देई. बिशपला हे दहा मिनिटांत समजलं. आधी भुंकायचं, मग गप्प बसायचं, मग चीज. भुंकल्याशिवाय गप्प कसं बसणार? तीन आठवड्यांत त्याचं भुंकणं दुप्पट झालं आणि पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली.

"वेंडेल," त्याची बायको मेव्हिस म्हणाली, "तू त्याला शिकवतोयस की तो तुला?"

शेवटी टॅन्सी नावाची प्रशिक्षक आली. गळ्यात प्रमाणपत्र, कमरेला शिट्टी. तिने बिशपकडे पाहिलंच नाही, वेंडेललाच झापलं. कुत्रा भुंकला की पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही. तो आपणहून थांबला की मनात वीस आकडे मोजायचे, मग वळून चीज. "आणि हे तुम्ही दोघांनीच करून भागणार नाही," ती म्हणाली. "अख्ख्या गल्लीने करायला हवं. एकाने जरी वळून पाहिलं, तरी त्याचा दिवस सार्थकी लागतो."

मेव्हिस रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री आणि चीजचे डबे घेऊन घरोघर फिरली. पेस्ट्री कुणीच नाकारली नाही. सहा आठवडे गल्लीची तऱ्हा अशी, की बिशप भुंकला की गवत कापणारा यंत्र थांबवून कुंपणाकडे तोंड करी, पोस्टमन पेटीला कपाळ टेकवून उभा राही, आणि पलीकडचा म्हातारा ऑर्विल आंघोळीच्या टबात असला तरी भिंतीकडे वळे. सगळ्यांच्या खिशात चीज. बाहेरगावचे पाहुणे हा कुठला नवा पंथ म्हणून चौकशी करीत.

फक्त वसाहतीच्या अध्यक्ष ल्युएला फ्रिट्झबाई यात नव्हत्या. त्यांनी पेस्ट्रीही परत पाठवली. नियमांत पाठ फिरवणं बसत नाही, असा त्यांचा निरोप होता.

पिकनिकचा दिवस आला. पहाटेपासून टेबलं मोजण्यात बाईंच्या पोटात कणही गेला नव्हता. पत्र्याच्या मंडपात त्या उभ्या राहिल्या, चष्मा लावला, तिसरी नोटीस उघडली आणि आवाज चढवला. बाईंचा आवाज मुळातच असा, की ध्वनिक्षेपकाने लाजावं. "कलम एकसष्ट अन्वये—"

वेंडेलने टेबलाखाली बिशपचा पट्टा घट्ट धरला. बिशपने उत्तर दिलं.

आणि सवयीने, कुणीही काही न ठरवता, एकशे चाळीस माणसांनी पाठ फिरवली.

बाईंनी आवाज आणखी चढवला. बिशपनेही. एकशे चाळीस पाठी हलल्या नाहीत. बाईंना अध्यक्ष होऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या पाठी एकदम त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या गप्प झाल्या. जोडीला कुणी उरलं नाही म्हणून बिशपही गप्प झाला. वीस मोजून झाले. सगळे वळले, खिशांतून चीज निघालं. बिशपला एकदम तीस तुकडे मिळाले. बाईंच्या शेजारी उभ्या असलेल्या ऑर्विलचा हातही पुढे झाला होता, पण कुत्रा लांब होता. त्याने तुकडा बाईंच्या तळहातावर ठेवला.

"छान हं," ऑर्विल सवयीने म्हणाला.

बाई भुकेल्या होत्या. त्यांनी तो खाल्ला.

"कलम एकसष्ट—" पाठी. शांतता. चीज. तिसऱ्यांदा बाईंनी सुरुवात केली ती जरा खालच्या पट्टीत. चौथ्यांदा त्यांनी मंडळींकडे पाहिलं, ऑर्विलच्या खिशाकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि खाली बसल्या. नोटीस वाचायची राहिली. बिशप राहिला.

पुढच्या मंगळवारी बाई होस्टेटलरांच्या व्हरांड्यात आल्या. गॅरेजचं दार दोन तास उघडं होतं, अशी तक्रार होती. बोलता बोलता आवाज चढला. बिशप पायरीवर पहुडला होता. तो उठला, बाईंकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच हात पुढे केला, आणि मेव्हिस चीज आणायला आत गेली.